उलट बाजू

सांतियागोत माणूस भेटला
की नावानंतर दुसरा प्रश्न येतो:
शाळा कुठली?
आडनाव, पगार, सासर, जमीनजुमला,
सगळं त्या एका उत्तरात मावतं.

क्रेगमूर म्हणणारे
आवाज जरा खाली आणतात,
श्रीमंत घरात दार हळू लोटतात तसा.

मी क्रेगमूरचे सिंह भरते.
छत्तीस वर्षं. खिशावरचा निळा तुकडा,
त्यावर जरीचा सिंह, पंजात पुस्तक,
खाली लॅटिन ओळ. तिचा अर्थ
मी विचारला नाही, कुणी सांगितला नाही;
मी अक्षरं मोजते. एकोणीस.

शाळा पाहिली ती एकदाच, फाटकापर्यंत.
डोंगराच्या अंगाला, हिवाळ्यातला धूर
जिथवर चढत नाही.
रखवालदाराने खोकं घेतलं, पावती दिली.
आत कुणी हिरवळीला पाणी मारत होतं.
त्या वर्षी आमच्याकडे टँकर यायचा.

शेपटी वाकडी गेली की सिंह परत येतो.
परत आलेले मी टाकत नाही.
दोन, पाठीला पाठ लावून शिवले
की गरम किटली उतरवायला बरे पडतात.

माझ्या नेल्सनला बँकेत विचारलं, शाळा कुठली?
तो म्हणाला, सरकारी, ए-एकशेचार.
साहेब हसले, मनापासून हसले,
म्हणाले, हा तर बसचा नंबर!
घरी येऊन त्याने ते विनोद म्हणून सांगितलं.
आम्हीही हसलो.
त्या रात्री किटली उतरवताना
मी सिंह घेतला नाही,
एप्रनचं टोक घेतलं. बोट भाजलं.

गेल्या मंगळवारी एक गृहस्थ आले.
पन्नाशी उलटलेली. बूट उंची, टाचा झिजलेल्या.
पिशवीतून कोट काढला,
दुसऱ्याच कुणाच्या खांद्यांना बेतलेला.
जुना बिल्ला यावर बसवून हवा,
शनिवारी माजी विद्यार्थ्यांचं जेवण आहे.
पैसे आत्ताच द्यायचे का,
हे त्यांनी दोनदा विचारलं.

बिल्ला पालथा केला. माझाच हात,
अगदी पहिल्या वर्षाचा.
तेव्हा मी गाठी फार मोठ्या मारायची,
मागे नुसता गुंता, सिंह कुठला नि पुस्तक कुठलं
आईलाही ओळखू येऊ नये.

वहीत नाव लिहिलं: इग्नासिओ लार्राविदे.
आणि तोंडातून निसटलं, का कोण जाणे,
"शाळा कुठली?"

बिल्ला दोघांच्या मधे, टेबलावर, पालथाच.
त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग दाराकडे,
मग उत्तर दिलं, इतक्या खालच्या आवाजात
की मशीन थांबवून
मला पुन्हा विचारावं लागलं.

पैसे मी पुरते घेतले.
शेपटीचा एक टाका उसवला होता,
तेवढा हिशेबात धरला नाही.