धाव

बैलगाडीच्या चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात
तिला आमच्याकडं धाव म्हणतात.
सांबरवाडीत गोठ्यामागं एक पडून होती,
चाक कधीच चुलीत गेलेलं.
निजाम शिकलगारानं ती तोडली, तापवली, ठोकली,
अर्ध्यात हात थांबवला.
"पुरी सरळ नको मेस्त्री, तुकडा पडंल."

मी एसटीच्या सातारा डेपोत बत्तीस वर्षं
स्टिअरिंग काढली, बसवली, पुन्हा काढली.
कास, बामणोली, मेढा,
घाटाच्या गाड्या माझ्या हाताखालून जायच्या.
ड्रायव्हर चाक हलवून म्हणायचा, "दोन बोटं प्ले आहे."
मी एक बोट काढायचो.
एक ठेवायचो.
स्वतः मात्र सायकलीपलीकडं काही चालवलं नाही.

आता ही घसरगाडी.
मार्गशीर्षात यवतेश्वराच्या वरच्या माळावर
कुसळी वाळून इतकी गुळगुळीत होते
की म्हैससुद्धा तिरकी चालते.
पोरं खताच्या गोणीवर बसून सुटतात,
खाली करवंदीच्या जाळीत जाऊन थांबतात.
थांबवणं हे जाळीचं काम.
भाचीच्या सगुणाचा डावा कान अजून पट्टीत आहे.
"आबा, वळणारी करा," म्हणाली.

पहिली केली ती अशी:
पुढं आडवी फळी, मधे ट्रॅक्टरचा बोल्ट,
दोन टोकांना दोरी.
नाक वळलं.
गाडी वळली नाही.
धाव नुसती आडवी झाली
आणि शेणातून फावडं ओढावं तशी
घसरत गेली, सरळ, जाळीकडं.

दुसऱ्या खेपेला बोल्ट मागं घेतला.
एवढासा खडा लागला तरी
नाक गर्रकन फिरायचं, दोरी हातातून हिसकायची.
रात्री वीजबिलाच्या पाठीवर आकृती काढत बसलो.
समोर गोठ्यात बायको वासराशी झटत होती.
दावं पुढून धरलं की गुमान मागं येतं,
मागून ढकललं की कुठंही जातं.
हेच डेपोत मला कॅस्टर म्हणून पाठ होतं,
बत्तीस वर्षं.
बिलावर लिहिलं: बोल्ट पुढं, धाव मागं.

तिसरीला बोल्ट चार बोटं पुढं.
नाक फार फिरू नये म्हणून दोन्हीकडं बाभळीचे ठोकळे.
निजामभाईची अर्धवट गोलाई इथं उपयोगी पडली,
मधेच टेकणारी, टोकं उचललेली धाव,
बोटानं ढकलली तरी फिरायला तयार.
राहिला प्ले.
तो मी शून्य केला.
नवा बुश, तीन वॉशर, पाना अंगावर रेलून आवळला.
असं स्टिअरिंग मी कुठल्या बसला दिलं नव्हतं.

सगुणा बसली.
खाली सातारा, अजिंक्यताऱ्याच्या टॉवरवर तिरपं ऊन.
सुटली.
उंचवट्याशी दोरी ओढली, गाडी वळली,
मी "हां!" म्हटलं ते माळावर एकट्यानंच.
पण मग गवताचा प्रत्येक बुंधा तिच्या मनगटात शिरू लागला,
फळी थडथडली,
आणि ऐन उतारावर
तिनं दोरी सोडली.

दोन्ही हातांनी कडा धरल्या,
पोतं पाठीवरून उतरवावं तसं
अंग डावीकडं टाकलं.
गाडी वळली.
मोठी, सावकाश,
जाळी हातभर बाजूला ठेवून,
माझ्या आकृतीत नव्हती अशी वळली
आणि सपाटीवर पोचून आपोआप थांबली.

वर आली ओढत. सलवारभर कुसळं.
"दोरी हाताला लागते आबा. जरा ढिली करा."

पाना काढला. एक वॉशर काढला.
तिच्याकडं बघितलं.
दुसराही काढला.

"आता तुम्ही बसा."
म्हटलं, अगं, ब्रेक कुठं बसवलाय अजून?

"जाळी आहे की."