झिणझिण

पाणी तापायला आधी वीस मिनिटं लागत,
मग चाळीस,
मग मार्गशीर्षातल्या एका पहाटे
बादली तासभर नुसतीच बसून राहिली.
रॉड बुडवलेला, बटणाचा दिवा लाल,
पाण्याला कोमटही म्हणवत नव्हतं.

"व्होल्टेज नाही," हे म्हणाले, आणि कूस बदलली.
आमच्याकडे सगळ्याचा दोष व्होल्टेजवर जातो:
मोटर, पंखा, जाडंभरडं दळण,
पोराचे गणितातले मार्क.

मी बटण बंद केलं. पिन काढली.
आधी पिन, मग हात.
सरांनी पहिल्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं होतं
आणि वर्षभर पुसू दिलं नव्हतं.
लग्न जुळताना कोणी विचारलं नाही
म्हणून सांगायचं राहिलं:
आयटीआय, वायरमन ट्रेड,
चौतीस पोरं आणि दोन मुली.
दुसरी निलोफर. ती आता खांबावर चढते, पगार घेते.

रॉड उजेडात धरला तर वेटोळी दिसेनात.
आमचं खारपाणपट्ट्यातलं पाणी,
डाळ शिजू न देणारं, चहा नासवणारं,
तीन हिवाळे त्याच्यावर थर चढवत होतं.
उलथण्याच्या टोकानं खरवडला.
पांढऱ्या खपल्या पडल्या,
आणि तळच्या वेढ्याला, केसाएवढी,
चीर.

शंभराचा बल्ब, दोन वायरी, सिरीज दिवा केला.
एक टोक पिनेला, एक रॉडच्या अंगाला.
लागायला नको होता.
लागला.
पेंगुळलेला, पिवळा, पण लागला.

"म्हंजे काय झालं वं?" आत्याबाईंनी विचारलं.
"करंट पाण्यात उतरत होता."
त्यांनी उजवा हात उलटा करून पाहिला. सुलटा केला.
"मंग ते झिनझिन…"
"कधीपासून?"
"दिवाईच्या पयल्या आंगोयीपासून असन.
मले वाटलं, वयाचंच हाय.
बोटं मरून राह्यली म्हनलं, हयूहयू.
लसनाचं तेल लावत जाओ रोज."

महिनाभर, साडेचारला,
ओल्या फरशीवर अनवाणी
पंचफुलाबाई तांब्या बुडवत होत्या
आणि आपल्याच हातावर संशय घेत होत्या.

मी काही बोलले नाही.
मेलेल्या रॉडची वायर गुंडाळत बसले,
उगाच, फार नीट.

येवद्याच्या दुकानात अकोटकर म्हणाला,
"ताई, दोन पिनांचा घ्या, शंभर रुपये कमी पडन."
मी तीन पिनांचाच घेतला. दीड हजार वॅट.
मार्क पाहिला, वजन पाहिलं,
वायरीची जाडी नखानं पाहिली.
त्यानं बिल देताना मालकाचं नाव विचारलं.
मी माझं सांगितलं.

पण घरच्या बोर्डात तिसरं भोक नुसतंच भोक होतं.
मागे वायर नाही, कधी नव्हतीच.
मग मोरीमागे खड्डा खणला, छातीएवढा.
पाइप उभा केला, कोळसा टाकला,
हिरवी वायर भिंतीवरून बोर्डापर्यंत नेली.
मिठाची पिशवी फोडणार तर आत्याबाई हसल्या,
"आपल्या मातीले कायले पायजे मीठ?"
तरी दोन मुठी टाकल्या. पुस्तकात होतं म्हणून.

आता त्या खड्ड्याला त्या रोज तांब्याभर पाणी घालतात.
शेजारच्या लिंबाला आधी, मग त्याला.

आणि पहाटे विचारतात, "बंद हाय ना?"
मी रॉड काढते, पिन त्यांच्या हाती देते.
पिन डाव्या मुठीत घट्ट धरून
उजव्या हाताचं एक बोट त्या पाण्यात घालतात.
थांबतात.
"काहीच नाही वं," म्हणतात,
जराशा हिरमुसून.