करोडगिरी नाका, सीनाकाठ

सीनेच्या पलीकडं परदेश होता.
गुडघाभर पाणी, मार्गशीर्षात त्याहून कमी;
धोतर खोचलं की माणूस इंग्रजीत.
अलीकडं मोगलाई, एक आडवा बांबू,
बांबूच्या बुडाला बांधलेला धोंडा,
आणि मी.

मी म्हणजे वही.
मीठ किती, गूळ किती, तांब्याची भांडी किती,
नवरीच्या अंगावरचं सोनं नवं की वापरातलं,
सगळं उर्दूत, फसली सालात, उजवीकडून डावीकडं.
आकडे तेवढे डावीकडून.
ह्या एवढ्याशा उलटापालटीत
माझी निम्मी नोकरी सरली.

परंड्याचे बद्रोद्दीन काझी दर थंडीला
करमाळ्याच्या माळावर शिकारीला जायचे.
दोननळी बंदूक, घोड्यापाशी चांदीचं फूल.
जाताना मी नळीवरचा नंबर बोटानं चाचपायचो.
लिंबाजी जवान काडतुसं चादरीवर मांडायचा,
पाच-पाचच्या पाच ओळी.
येताना पुन्हा तेच: भरलेली इतकी, रिकाम्या टोप्या इतक्या,
कातड्याला महसूल, शिंगांना निराळा.
मांसाला दर नव्हता. थोडं नाक्यावर राहायचं,
लिंबाजीच्या घरी त्या रात्री चूल उशिरापर्यंत.

त्या वर्षी बंदुकीच्या आधी काळवीट आला.
नदी ओलांडून, मागचा पाय लोंबता,
बांबूखालून वाकून (वाकून, बरं का, रीतीनं)
माझ्या बाजेपासून दहा हातांवर बसला.
बसला. पडला म्हणवत नाही.

मागोमाग काझी, पाण्यातच उभे.
"मुन्शीजी, तडफडतोय. येऊ द्या."
मी वही उघडली.

नळीवर ४१७३२.
वहीत ४१७२३.

अक्षर माझंच.
"ही बंदूक गेलेलीच नाही," मी म्हणालो,
"गेली नाही ती येणार कशी?"
लिंबाजी माझ्याकडं बघत राहिला.
काझी म्हणाले, बंदूक इथं वाळूत ठेवतो,
नुसती सुरी घेऊन येतो,
जीव आहे तोवर बिस्मिल्ला म्हणू द्या.

सुरी दाखल्यात नव्हती.

खरं सांगायचं तर भ्यालो होतो.
मागच्याच आठवड्यात मोहतमीम साहेब
एका आकड्यापायी शेजारच्या नाक्यावरच्या कारकुनाला
घरी बसवून गेले होते.
हे मी तेव्हा बोललो नाही. कायदा बोललो.

लिंबाजीनं ओंजळीत पाणी आणलं,
त्यानं तोंड फिरवलं.
डोळा उघडा. डोळ्यात मी, बांबू, मागं थोडं आभाळ.
ऊन बाजेच्या ह्या खुरापासून त्या खुरापर्यंत सरकलं.
मग डोळ्यावर माशी बसली
आणि पापणी हलली नाही.

मांस कुणाचंच झालं नाही.
काझींना चालेना.
लिंबाजीच्या बायकोनं हात लावला नाही.
रात्री कोल्हे आले.

मी लिहिलं: शिंगं, एक जोड. आवक. मालक नाही.
महसूल चार आणे हाली, तो माझ्या खिशातून.
मग चाकूनं खरवडून तेवीसचे बत्तीस केले
आणि बंदूक आत घेतली.
भरलेली चोवीस, रिकामी टोपी एक. हिशोब जुळला.
खरवडलं तिथं कागद पातळ झाला;
दिव्यासमोर धरला की मागच्या पानावरचं मीठ दिसायचं.

पुढच्या थंडीला वाटलं,
काझी दुसऱ्या नाक्यानं जातील.
आले. लिंबाजीनं चादर पसरली.
मी बोट नळीकडं नेलं, तर त्यांनी ते धरलं,
एकेका आकड्यावर टेकवलं,
लेकराला शिकवतात तसं, सावकाश:

चार.
एक.
सात.
तीन.

इथं थांबले.
मी म्हणेपर्यंत थांबले.