जागा कमी आहे

फोन म्हणतो, जागा कमी आहे,
काहीतरी काढून टाका.
म्हणून रविवारी दुपारी
मोरकमच्या या वरच्या खोलीत
हीटरला पाय लावून
मी एकेका चौकोनाची हजेरी घेते.

यादी हेरंबची. भाचा माझा, नाशिकला असतो.
"मावशी, एवढा महागाचा फोन,
आणि तू त्यात फक्त घड्याळ बघतेस!"
बारा ॲप, आणि बारा मिनिटं त्यांचं कौतुक.
मी मुकाट्यानं सगळी उतरवून घेतली,
आहेराची भांडी घ्यावीत तशी,
लागतील, न लागतील.

पावलं मोजणारं पहिलं.
नऊ हजार झाली की पडद्यावर फुलबाजी उडते,
आणि मी तेव्हा बहुधा
एक्स-रेच्या खोलीत
कुणाचं तरी मोडलेलं मनगट सरळ ठेवत असते.
हे जाऊ दे.

पातळी दाखवणारं. हिरवा बुडबुडा.
त्याच्या भरवशावर भिंतीत फळी ठोकली,
बुडबुडा बरोबर मध्ये होता,
तरी फळी वाकडी दिसते.
"घर वाकडं आहे," मिसेस ऑर्मरॉड म्हणाल्या,
"शंभर वर्षं वारा एकाच बाजूनं."
राहू दे. त्याची चूक नव्हती.

पक्ष्यांची नावं सांगणारं
खिडकीबाहेर धरलं की म्हणतं
सीगल, सीगल, सीगल.
एकदा किटलीची शिटी ऐकवली.
जरा विचारात पडलं बिचारं.

भरती-ओहोटीचं मात्र
मी पंचांगासारखं उघडते रोज.
इथं पाणी मैलोनमैल आत जातं
आणि परत येताना समोरून येत नाही,
ओघळाओघळांतून
आपल्या पाठीमागे भरत जातं.
पहिल्याच महिन्यात वाळूवर
चप्पल हातात घेऊन रमतगमत गेले होते.
कुत्र्यावाल्या एका माणसानं ओरडून बोलावलं.
याला हात लावायचा नाही.

आणि हे.
बोललेलं लिहून दाखवणारं.

हिवाळ्यापासून मिसेस ऑर्मरॉडना ऐकू येत नाही.
कानातलं यंत्र बिस्किटांच्या डब्यात पडून असतं.
किटली आणि मुरंब्याच्या मध्ये
फोन उभा करून मी बोलते,
त्या चष्मा चढवून माझं बोलणं वाचतात.
फेब्रुवारीत बॉयलर बंद पडला.
कंपनीच्या फोनवर चाळीस मिनिटं सनई का काय ते,
आणि मी स्वतःशीच पुटपुटत,
काय करू, काय करू.
पडद्यावर उमटलं:
कैरो. कैरो.
"इजिप्त?" चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या,
"चांगली कल्पना आहे. कधी निघतेस?"

तेव्हापासून आमच्या घरात
दूध नासलं की कैरो,
बस चुकली की कैरो.
वेंधळ्या पोस्टमनला एकदा त्यांनी दारातच ऐकवलं.
तो सॉरी म्हणाला.

गेल्या मंगळवारी डोळ्यांच्या दवाखान्यातून आल्या.
कोट न काढता बसून राहिल्या.
डाव्या डोळ्याच्या मध्यभागी म्हणे
एक डाग आहे, बटणाएवढा,
ज्याच्याकडे बघावं तिथेच नेमका.
पत्र माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "तूच वाच."
नंतर मी ॲपमधली अक्षरं मोठी केली.
अजून मोठी. अजून.
आता पडद्यावर एका वेळी
एकच शब्द मावतो.
निवडून बोलावं लागतं.
ऑफिसातल्या कुरबुरी मी सोडून दिल्या आहेत,
हवामानही.
"सूप" म्हणते. "गरम" म्हणते.
एकदा "ऑर्मरॉड" मोठ्यानं म्हटलं, उगीच,
तर नावाचं शेपूट पडद्याबाहेर गेलं.

पावलंवालं काढलं.
फोन म्हणतो, पुरत नाही.
पक्ष्यांचं काढायला बोट ठेवलं
आणि बाहेर काहीतरी वेगळंच ओरडलं, सीगल नव्हे.
थांबले.

खालून छताला काठी वाजते, दोनदा.
म्हणजे चहा.
जिन्याच्या मधल्या पायरीवर लक्षात येतं,
चार्जर वर राहिला, बॅटरी दोन टक्के.
टेबलावर उभा करेपर्यंत पडदा काळा.

मी म्हणते ते
त्या माझ्या ओठांवरून वाचतात,
उजवा डोळा बारीक करून,
आणि माझ्या कपात
साखर जरा जास्तच घालतात.