पेन्सिल नको

हॅल्डोर, आधी ती पेन्सिल खिशात घाल.
नळीवर खूण करायची तर फेल्ट पेननं कर,
तीही पुसून काढू स्पिरिटनं, टॉर्च पेटवण्याआधी.
शिसपेन्सिलीची एक बारीक रेघ
तापल्यावर धातू पिऊन टाकतो
आणि दीडशे तासांनी कधीतरी
बरोब्बर तुझ्या अक्षराच्या वळणावर
चिरतो.

बाहेर उणे एकतीस. सरोवर रात्रभर कण्हतंय,
बर्फ ताणला की असाच आवाज येतो.
तुझ्या हँगरमधली शेगडी फक्त माझे गुडघे ओळखते.

बघू, काय काय जमवलंयस.
ही मोटारींच्या भंगारातली वाकणं, साधं पोलाद.
स्वस्त पडली, म्हणतोस.
पडलीच असतील. दोन हिवाळ्यांत आतून पापुद्रे सुटतील
आणि तू वर असशील.
ही दुसरी, चकचकीत, तीनशे चार.
हिला मी ओळखते. सत्तावीस वर्षं
मासळीच्या कारखान्यात हिच्याच नळ्या जोडल्या,
व्हाइटफिश, पिकरेल, वाफ, खवल्यांचं पाणी.
पण मासळीला चालतं ते आगीला चालत नाही.
लालबुंद झाली की हिच्यातलं क्रोमियम
गुपचूप कार्बनशी संधान बांधतं
आणि सांध्याशेजारची पट्टी उपाशी राहते.

तीनशे एकवीस आण.
तिच्यात चिमूटभर टायटेनियम असतं,
कार्बनला दारातच गाठून
बोलण्यात गुंतवून ठेवणारं,
लग्नघरात एखादी मावशी असते ना, तसं.
इन्कोनेल? त्या पैशात प्रोपेलर येईल,
वर बायकोचा अबोला फुकट.

तार तीनशे सत्तेचाळीस. पाकिटावरचा आकडा स्वतः वाच,
विनिपेगचा तो दुकानदार
सगळ्याला "तेच हो" म्हणतो.
ब्रश नवा, पोलादाला कधी न लागलेला.
आणि आर्गॉनच्या टाक्या दोन.
एक टॉर्चला, दुसरी नळीच्या पोटात सोडायला.
हो, दोन. मला माहीत आहे किती पडतात.
बाहेरून सांधा सुरेखच दिसेल,
कलंडलेल्या नाण्यांची ओळ, सोनेरी, कडेला निळी,
आणि आत साखर धरलेली असेल, काळी, खडबडीत,
खड्याखड्यात एकेक भेग दबा धरून.

सगळंच घट्ट जखडू नकोस.
इथे नळी नळीत सैल सरकू दे,
इंजिन थरथरणारच, त्याला कुठेतरी
थरथरायला जागा हवी.

आणि हा डबा? नळीभोवतीचा?
केबिन ऊबदार राहावी म्हणून.
अंहं. माहीत आहे मला. आयनारच्या विमानातही होता.

जाळी बघायला तो बर्फावर उतरला, स्कींवर.
लोकांना दिसत होतं: विमान उभं, पंखा फिरतोय,
आयनार काचेला गाल लावून.
डुलकी लागली असेल, म्हणाले,
पहाटेपासून जागा आहे पोरगा.
पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू होतं.

गालांवर लाली होती.
आई म्हणाली, किती दिवसांनी बरा दिसतोय.

तो डबा नंतर मीच उघडला.
आत, नळीवर, केसाएवढी चीर.
सांध्यावर नव्हती.
सांधा शाबूत होता, माझाच तो, आजही शाबूत आहे,
घरी फळीवर ठेवलाय.
चीर त्याच्या बोटभर अलीकडे,
एका राखाडी ठशातून गेलेली.
वाचता येत होता.
"डावी बाजू."
घाईत लिहिलेलं, शेवटचं अक्षर खाली घसरलेलं,
मी लिहिते तसं.

असो.
हेल्मेट दे. टंगस्टनला टोक काढलंस का?
दगड फक्त त्याच्यासाठीच ठेव, दुसरं काही घासू नकोस.
आणि केबिनमध्ये ते वायू ओळखून कोकलणारं यंत्र लाव,
महाग असलं तरी, शिव्या दे पण लाव.

आणि हॅल्डोर,
ती पेन्सिल.
खिशात नको.
शेगडीत टाक.