उंदरीण

मेडिकलच्या रेकॉर्ड रूममध्ये एकोणीस वर्षं
दुसऱ्यांचे केस पेपर लावत आले,
आणि त्रेचाळिसाव्या वर्षी माझाच एक हातात आला.
नाव करुणा मेंढे. वर कोपऱ्यात लाल शाईनं
एल्डर्ली प्रायमी.
म्हणजे पहिलटकरीण, पण उशिराची.
शिपाई गोंडाणे म्हणाला, मॅडम, ही कोणत्या रॅकवर?
मी म्हटलं, राहू दे माझ्याजवळ.

डॉक्टरीणबाई माझ्याहून तेरा वर्षांनी लहान.
म्हणाल्या, चाला. रोज.
धाप लागेपर्यंत नाही, बोलता येईल इतपत.
मग गुपित सांगावं तसं, हळूच,
"उंदरांवर करून पाहिलंय म्हणे कुणी.
वय झालेल्या माद्या चाकावर पळवल्या,
तर पिल्लांचे मेंदू जरा बरे निघाले.
माणसाचं काही सांगता येत नाही हं."
नाही येत, तरी मी बर्डीवरून बूट घेतले,
एक नंबर मोठे,
पाय सुजणार होते म्हणून.

सक्करदऱ्याच्या तळ्याकाठी, मे महिन्यात,
पहाटे साडेपाचलाही कालच्या उन्हाची धग
दगडांतून निघत असते.
पहिली चकर. दुसरी.
नणंद म्हणायची, "कायले हिंडते वो माय या वयात?
बस ना घरी पोट धरून."
बसले की तू लाथा मारायचास,
चालले की झोपायचास.
मी तुला जागवत होते की निजवत होते,
कोण जाणे.

रेकॉर्ड रूममध्ये तर उंदीर होतेच.
एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीची सगळी बाळंतपणं
कडेनं कुरतडलेली, झालरीसारखी.
दर उन्हाळ्यात पिंजरे मीच मागवायची.
त्या वर्षी मागणीपत्र भरलंच नाही.
गोंडाणे म्हणाला, सुकाळ झाला मॅडम त्यांचा.
दुपारी कूलर बंद पडला
की कपाटामागची धावपळ ऐकू यायची,
आणि वाटायचं, हिला कुणी चाक दिलं नाही
तरी ही पळतेच आहे.
हिला कितवा असेल?

आता तू सात वर्षांचा.
सहाचा पाढा छत्तीसला अडतो.
बाई वहीत लिहितात, सुगतचे लक्ष नसते.
पण तळ्याकाठचं एकेक कुत्रं तुला माहीत,
कोण कुणाचं पिल्लू, कुणाचा कान कधी फाटला.
आणि परवा लाइट गेली तेव्हा, अंधारात,
नुसत्या पावलांवरून म्हणालास,
"आई, तुझा डावा पाय उशिरा पडतो."
त्या गुडघ्याचं मी तुझ्या बाबांनाही सांगितलं नव्हतं.

हे कोणत्या चकरेतून आलं?
तिसऱ्या महिन्यातल्या, चिंचेखाली ओकारी झाली त्या?
की सातव्यातल्या,
जी मी अर्धीच मारली आणि बाकावर बसून रडले,
सोनोग्राफीचा कागद यायचा होता म्हणून?
आणि तो अडलेला छत्तीस,
तो कोणत्या दिवसाचा?
पाय दुखले आणि मी गेलेच नाही, त्याचा?
की हिशेबच चुकीचा,
तू आपला तू आहेस?
डॉक्टरीणबाईंना विचारलं असतं.
त्यांची बदली झाली गोंदियाला.

ती फाइल मी अजून रॅकवर लावलेली नाही.
घरी, लोखंडी पेटीत, गोधडीखाली असते.
काल काढली तर खालची कड खाल्लेली,
वजनाचा रकाना सगळाच गेलेला.
लाल शाई मात्र तशीच.
तू बोट ठेवून विचारलंस, हे काय लिहिलंय?
मी म्हटलं, उशीर.
"मग बूट घाल ना," म्हणालास,
"सहा वाजले."