दिवसातून किती वेळा

फाटक रुळावरचं की बिजागरीवरचं, ते आधी बघायचं.
मग वजन. मग उतार.
मग विचारायचं, दिवसातून किती वेळा उघडणार?
मोटर ठरते ती या एका प्रश्नावर,
बाकी सगळी रंगरंगोटी.

एकवीस वर्षं मी ब्लूमफॉन्टेनात हेच विचारत आलोय,
दंतवैद्याला, टायरवाल्याला,
चार कुत्री आणि एक नवरा असलेल्या बाईला.
लोक हसून सांगतात दहा, उघडतात चाळीस,
वर्षात गिअरचे दात पडतात
आणि शिव्या टेबेलोला.

पुसेलेत्सो मोफोकेंग हसली नाही.
अंत्यसंस्काराचं दुकान तिचं, वडिलांकडून आलेलं.
अंगणात तीन शववाहिन्या, धुतलेल्या,
एकीचं चाक काढलेलं.
म्हणाली, सोमवारी चार-पाच वेळा. मंगळवारी तेवढंच.
शुक्रवारी दुपारनंतर मोजू नकोस.
शुक्रवारी माणूस घरी नेतात, शेवटच्या रात्रीला,
शनिवारी उजाडता उजाडता माती.

मी वहीत लिहिलं : शुक्रवार, साठ.
मोटर नेहमी शुक्रवारच्या मापाची घ्यावी.

चारशे किलोचं लोखंड,
वर तिच्या बाबांनी जोडून घेतलेली दोन कबुतरं,
एकाला चोच नाही.
रूळ रस्त्याकडे बोटभर कललेला.
म्हटलं, कळ सोडली तर हे आपलं आपण घरंगळेल.
"माहीत आहे. बाबांचा अंगठा गेला त्यात."

बॅटरी मोठी घे, म्हटलं,
वीज इथे वेळापत्रकाने जाते, आणि वेळापत्रकाबाहेरही.
"घेते. आमचं गिऱ्हाईक थांबेल रे,
त्याच्यामागचे चाळीस जण थांबत नाहीत."

वेगवान की संथ?
सोनाराला मी वेगवान सांगतो, चार सेकंदांत भिंत.
तिने हवेत हात फिरवून दाखवलं,
निजलेल्या पोरावरचं पांघरूण सारखं करावं तसा.
"आवाज नको. झटका तर नकोच."

मग मी आपोआप मिटण्याचं काढलं.
पंधरा सेकंद. सगळे तेवढेच ठेवतात.

"आणि मध्येच कोणी उभं राहिलं तर?
राहतात. गाडी निघून जाते,
एखाद्याचे पाय तिथेच राहतात."

मी किरणांचे डोळे दाखवले, दोन्ही खांबांवर लावायचे,
गुडघ्याच्या उंचीला.
मध्ये कोणी असेल तोवर फाटक हलत नाही.
"तोवर म्हणजे किती?"
असेल तोवर.
"त्याची वेळ संपत नाही?"
मी माहितीपत्रक उलटून पाहिलं.
एकवीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
नाही संपत.

"हेच लाव," म्हणाली, आकडा न बघता सही केली,
मग बघितला
आणि घासाघीस केलीच.

ऑगस्टात फोन. फाटक मिटत नाही, रोज दुपारी.
म्हटलं, मुंग्या. थंडीत मोटरच्या उबेला येतात.
पाल येते, सर्किटवर भाजून मरते,
लोक म्हणतात, माल खराब.
झाकण काढलं. मुंग्या होत्या, मोजक्या.
पुसलं. उघडलं, मिटलं, अकरा वेळा.
रूळ साफ, डोळे साफ.
गाडीत बसून पाव खायला घेतला.

साडेतीनला एक शववाहिनी आत आली, रिकामी.
तिच्यामागे एक मुलगी,
शाळेचा मरून स्वेटर, एक मोजा घसरलेला.
ती रुळावर थांबली, बरोबर दोन डोळ्यांच्या मध्ये,
दप्तर न उतरवता.
आत बघत नव्हती, बाहेरही नाही.
पंधरा सेकंद झाले. तीस झाले.
पुढे मी मोजलं नाही.
पुसेलेत्सो दारात आली, तिच्याकडे पाहिलं,
पुन्हा आत गेली.

चारला मुलगी निघाली, मोजा वर ओढून.
फाटक मिटलं, आवाज न करता.

"मुंग्याच ना?" पुसेलेत्सोने आतूनच विचारलं.
होत्या, म्हटलं.
कार्डावर लिहिलं : दोष नाही.
येण्याजाण्याचे पैसे मात्र घेतले.
पेट्रोल काय फुकट येतं?